बघण्यासारखं काही नसलेल्या जागेबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
सप्टेंबर

चि. मिहिर यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी चीझक्वेकच्या स्टेट पार्कबद्दल सांगायला लागले आणि तू मध्येच विचारलंस, "पण आई, तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी उत्तर देणार तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि तुला भरती-ओहोटीचं गणित समजवायला लागले. मग इराची अंघोळीची वेळ झाली. माझं उत्तर राहूनच गेलं, म्हणून लिहिते. पत्र लिहिलं की मध्ये कुणी बोलत नाही.

तर, बघण्यासारखं तिथे काही नाही. धबधबा नाही, दरी नाही, ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढावा असा डोंगर नाही. तुम्ही डेन्व्हरवाले. रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जायला वेळ ठरवून परवाना काढता, तिथल्या ट्रेल रिज रोडवर 12,183 फुटांपर्यंत गाडी नेता. तिथले फोटो बघून आम्हीही थक्क झालो होतो, नाही असं नाही. पण त्यातल्या एकाही फोटोत इरा हसत नाहीये, हे मी आजी म्हणून बघितलं. सईच म्हणाली, उंचीमुळे डोकं दुखत होतं, पोर मागच्या सीटवर झोपली होती. सहा वर्षांच्या मुलीला 12,183 फुटांचं काय करायचंय?

चीझक्वेक तुला नावानं माहीत आहे. गार्डन स्टेट पार्कवेवरचा तो कॉफीचा थांबा, शोअरला, म्हणजे समुद्रावर, जाताना आपण हमखास थांबायचो आणि तुला तिथेच सू लागायची, तो. आता त्या थांब्याला गायक जॉन बॉन जोव्हीचं नाव दिलंय, तो शेजारच्या सेअरव्हिलचा म्हणून. इतकी वर्षं आपल्यासाठी चीझक्वेक म्हणजे तेवढंच. त्याच नावाचं स्टेट पार्क तिथून जवळच आहे, हे 120 नंबरच्या एक्झिटची तपकिरी पाटी शेकडो वेळा वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. खरं तर पार्क आधीचं. ते 1940 साली उघडलं, पार्कवे नंतर आला आणि त्याच्या अंगावरून गेला.

आम्ही तिथे गेलो तेही काही निसर्गप्रेमानं नाही. खालच्या मजल्याच्या लाकडी जमिनीला पॉलिश करायचं होतं. कारागीर म्हणाला, दोन रात्री घरात झोपू नका, वास डोक्यात जाईल. हॉटेलचे दर बघून बाबांचा चेहरा कसा झाला असेल ते तुला सांगायला नको. मी म्हटलं, जोशांकडे जाऊ. बाबा म्हणाले, जोशांकडे गेलं की त्यांचा युरोपचा व्हिडिओ परत बघावा लागेल. मग गॅरेजात गेले आणि तुझा स्काउटातला तंबू काढून आणला. वरच्या पिशवीवर तुझं नाव तुझ्या त्या वाकड्या अक्षरात. आत एक मोजा सापडला, तोही तुझाच.

घरापासून पंचवीस मिनिटं. दूध संपलं तर घरी येऊन घेऊन जाता येईल इतकं जवळ. आणि खरंच, पहिल्या संध्याकाळी बाबा उशी विसरली म्हणून घरी येऊन घेऊन गेले.

तंबूच्या जागा ओकच्या झाडांत आहेत. लाकडी टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, खाली रेताड माती. पार्कवेचा आवाज येतो, ते लपवत नाही. पण त्या भागात पार्कवेवर मोठे ट्रक चालत नाहीत, त्यांना 105 नंबरच्या एक्झिटच्या उत्तरेला बंदी आहे, म्हणून तो आवाज एकसारखा, घोंघावल्यासारखा येतो. अंधार पडला आणि झाडावरच्या त्या हिरव्या नाकतोड्यांनी, इथले लोक त्यांना कॅटिडिड म्हणतात, किरकिर सुरू केली की पार्कवे गेला कुठे तेच कळेना. हजारो मोटारींना ते किडे पुरून उरतात. बाबांना झोप लागली नाही म्हणाले, पण घोरत होते.

आता खरी गोष्ट. पार्कमध्ये चार-पाच पायवाटा आहेत, प्रत्येकीला एक रंग. झाडावर त्या रंगाचा पट्टा दिसला की आपण बरोबर चाललोय. आम्ही सकाळी एक धरली. आधी ओकचं रान, कोरडं, पायाखाली पाचोळा. मग वाट उतरत गेली आणि एकदम लाकडी फळ्यांचा पूल सुरू झाला. दोन्ही बाजूंना सरळसोट झाडं, शेंदरी-करडी साल, सालीच्या लांब दोऱ्या सुटलेल्या. ते अटलांटिक व्हाइट सिडार. खाली पाणी चहाच्या रंगाचं, पण गढूळ नाही, तळाची पानं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ. पानांतला आणि सालीतला अर्क उतरून तो रंग येतो. बाहेर ऑगस्टचं ऊन आणि आत गार. मी ओढणी अंगावर घेतली. ह्या सिडारचं लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून जुन्या काळी होड्यांना आणि छपरांच्या फळ्यांना त्यालाच मागणी. त्यापायी किनाऱ्यावरची सिडारची रानंच्या रानं तोडली गेली. हा तुकडा वाचला. तोही कुठे, तर गार्डन स्टेट पार्कवेच्या कुशीत!

तिथून वर चढलं की परत वेगळंच. रेती, ठेंगणे पाइन, दक्षिण जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये असतात तसे. पार्कच्या छोट्या निसर्ग केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, की उत्तरेकडची झाडं आणि दक्षिणेकडची झाडं एकमेकांना भेटतात ती सीमा इथूनच जाते. म्हणून एवढ्याशा जागेत दर दहा मिनिटांनी रान बदलतं. इरासारख्या मुलांसाठी हे उत्तम. कंटाळा यायच्या आत पुढचं काहीतरी येतं. त्यांनी आम्हाला सॅसाफ्रास दाखवलं. एकाच फांदीला तीन तऱ्हांची पानं: एक साधं, एक हातमोज्यासारखं एका बाजूला अंगठा असलेलं, एक तीन बोटांचं. पान चुरगळून हुंगायला दिलं. मी म्हटलं, हा वास ओळखीचा आहे. रूट बिअर! तू लहानपणी जी ढोसायचास ती, नावाचीच बिअर, गोड सोडा. पूर्वी त्याच झाडाच्या मुळांपासून तिला चव देत. मुळातलं तेल तब्येतीला वाईट म्हणून सरकारनं 1960 साली त्याच्यावर बंदी घातली, तेव्हा तू प्यायलास ती नक्कलच. वास मात्र तोच.

आणि मग रान संपलं आणि खाजण लागलं.

मिहिर, मला तिथे दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. तू देवगडला गेलास तेव्हा लहान होतास, आजोळच्या घरामागची खाडी तुला आठवत असेल-नसेल. ओहोटीला तिथे एक वास सुटतो. चिखलाचा, कुजलेल्या गवताचा, खारट, थोडासा सडक्या अंड्यासारखाही. शहरातली माणसं नाक दाबतात. मी त्या वासात लहानाची मोठी झाले. न्यू जर्सीत आले तेव्हापासून तो वास मला एकदाही आला नव्हता, आणि तो इथे होता, पंचवीस मिनिटांवर, इतकी वर्षं. गवत वेगळं आहे. तिकडे कांदळवन, इथे कमरेएवढं हिरवं गवत, वाऱ्यानं एका अंगावर लवणारं. पण चिखल तोच. चिखलावर बोटाच्या पेराएवढे खेकडे, नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगापेक्षा मोठी. ती वरखाली हलवून माद्यांना बोलावतात. आमच्या खाडीतही हेच असायचे, आम्ही पावलं वाजवली की सगळे एकदम बिळात. मी फळीवर पाय आपटला. सगळे एकदम बिळात! बाबा म्हणाले, लोक बघतायत. बघू देत.

त्या गवतात एका खांबावर लाकडी फळी आणि तिच्यावर काटक्यांचा भाराभर पसारा. ते ऑस्प्रेचं घरटं. मासे मारून खाणारा मोठा पक्षी, हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो. खांब माणसांनीच रोवलेले आहेत. डीडीटी हे कीटकनाशक फवारण्याच्या काळात त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायला लागली की मादी बसली की अंडं फुटायचं. 1974 साली अख्ख्या न्यू जर्सीत पन्नासच्या आसपास घरटी उरली होती. डीडीटी बंद झालं, लोकांनी किनाऱ्यावर असे खांब उभे केले, आणि आता सहाशेच्या वर घरटी आहेत. आमच्यासमोर एकानं पाण्यावर झेप घेतली, पाय पुढे करून, आणि मासा घेऊन वर आला. मासा पायांत धरताना त्याचं तोंड पुढे केलेलं, म्हणजे वारा कापला जावा. एवढं नीट दिसलं इतक्या जवळून गेला तो.

बाबांच्या गणिताकडे येते. त्या शनिवारी नारळी पौर्णिमा होती. बाबा म्हणाले, सोपं आहे, पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, पुढे दर तिथीला पाऊण तास वाढवायचा. हे त्यांना माझ्या वडिलांनी शिकवलेलं, लग्न झाल्या वर्षी, आणि तेव्हापासून जावईबापू स्वतःला दर्यावर्दी समजतात. बाराला आम्ही पुलावर गेलो तर पाणी चाललेलं बाहेर. दोनला तर नुसता चिखल. बाबा तिथीवर संशय घ्यायला लागले, म्हणाले कालनिर्णय भारताच्या वेळेचं आहे. पुलावर एक म्हातारे गृहस्थ बादली घेऊन बसले होते. ते म्हणाले, पौर्णिमेला इथे भरती सकाळी आठच्या आसपास आणि रात्री आठनंतर. दर बंदराचा आपापला फरक असतो, चंद्र एकच असला तरी पाणी आत शिरायला किनारा आडवा-तिडवा असतो. बाबांना ते पटलं आणि आनंदही झाला, कारण आठ धरून पुढचा पाऊण तासाचा हिशोब तंतोतंत लागू पडतो. आता फ्रिजवर त्यांनी कागद लावलाय. तिथी, भरती, ओहोटी. मी दुधाचा हिशोब लावते त्याच्या शेजारी.

संध्याकाळी मी शेगडीवर नारळीभात केला. गूळ, खोबरं, लवंगा घरून आणल्या होत्या. नारळही आणला होता. देवगडला कोळी लोक वाजतगाजत समुद्राला नारळ देतात. इथे पाण्यात काही टाकायची बंदी, आणि ती बरोबरच आहे. म्हणून पुलाच्या टोकाला खाली वाकून नारळ पाण्याला नुसता लावला, हळदकुंकू घरूनच वाहून आणलेलं, आणि परत आणून दुसऱ्या दिवशी फोडला. भरती त्या वेळी पूर्ण भरत आलेली. गवताची फक्त टोकं वर. पलीकडून चंद्र आला, उन्हाळ्यातला चंद्र इथे फार वर चढत नाही, झाडांच्या शेंड्यांवरूनच सरकत जातो. बाबांनी जानव्याची पौर्णिमा म्हणून जानवं बदलायचं राहिलं ते आठवलं, आणि डासांनी आम्हाला तंबूत हाकललं.

डासांबद्दल तुला आधीच सांगून ठेवते, सईला मी फसवलं असं वाटायला नको. खाजणातले डास दिवसाढवळ्या चावतात आणि कपड्यावरून चावतात. गोचीड असतात, संध्याकाळी पँट उतरवून गुडघ्यामागे, काखेत नीट बघायचं. तीन-तीन पानांची वेल दिसली की हात लावायचा नाही, पॉयझन आयव्हीनं बाबांचा घोटा आठवडाभर खाजत होता. घरची लाकडंही तिकडे न्यायची नाहीत, त्यातून झाडांचे किडे पसरतात. जवळच विकत मिळतात.

त्या पुलाला लोक खेकड्यांचाच पूल म्हणतात, तिथे निळ्या नांग्यांचे खेकडे धरायला येतात. परवाना लागत नाही, दोरीनं धरायचे असतील तर. कोंबडीची तंगडी दोरीला बांधायची, वजन लावायचं, तळाला सोडायची आणि बोटावर दोरी धरून बसायचं. दोरी हळूच ताणली जाते. मग अगदी सावकाश, खेकड्याला कळणार नाही असं, वर ओढायचं आणि खालून जाळी घालायची. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रविवारी सकाळी मला एक दोरी दिली. तिसऱ्या खेपेला एक आला. ऑलिव्ह रंगाची पाठ, आणि नांग्या, बाळा, काय निळ्या! मोरपिशी म्हण. मादीच्या नांग्यांची टोकं लाल, नेलपॉलिश लावल्यासारखी. पोटाकडून बघितलं तर नराचं झाकण अरुंद, मादीचं रुंद. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी उलटा करून बघितला आणि "नर" म्हटलं, गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले.

आणि श्रावण! हातात एवढी मोठी जिवंत कुर्ली आणि चालू श्रावण. लग्नाआधी आणि नंतरही मी श्रावण कधी मोडला नाही. बाबा म्हणाले, देव एडिसनला बघत नसेल. मी म्हटलं, देव भारतातून बघतो तर इथूनही बघतो. सोडून दिली. पाण्यात पडल्यावर ती आधी बाजूला तिरकी गेली, मग दिसेनाशी झाली. त्या दिवशी सगळी मिळून सात-आठ धरली असतील, सगळी सोडली. गृहस्थांना वाटलं मी कुठल्याशा प्राणिमित्र संस्थेची आहे.

पाच दिवसांचे आपले गणपती गेले आणि मी बाबांना विचारलं, चीझक्वेकला जागा आहे का बघा. जमिनीचं पॉलिश केव्हाच वाळलं होतं.

ह्या वेळी मी तयारीनं गेले. कांदा-खोबरं भाजून वाटप घरीच केलं, गोठवलं, बर्फाच्या पेटीत. मालवणी मसाल्याची बरणी. तांदूळ. सकाळी सहाला पुलावर, भरती चढत होती. साडेचार इंचांच्या खालचा खेकडा ठेवायचा नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून, आणि पोटाला अंडी लागलेली मादी सोडायची. हा नियम आहे आणि बाबा शिवणकामाची टेप घेऊन तो पाळत होते. एक साडेचारला दोरा कमी होता, त्याच्यावर आमची बाचाबाची झाली. सोडला. आमच्याकडे म्हणतात पौर्णिमेची कुर्ली पोकळ आणि अवसेची भरलेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पौर्णिमाच होती, म्हणून मला फारशी आशा नव्हती. पण इथले खेकडे थंडीच्या आधी खाऊन घेतात बहुतेक. भरलेले निघाले.

कसे केले ते लिहिते, सईला विचारायचं असेल. इथल्या खाडीच्या खेकड्यांतला हिरवा-पिवळा मऊ भाग खायचा नाही, त्यात पाण्यातलं विष साठतं, असं राज्याच्या सूचनेत आहे. आपल्याकडे तोच भाग चाटून खातात, म्हणून जीव तुटला, पण काढून टाकला. आधी पाण्यात उकळले आणि ते पाणीही ओतून दिलं, तेही सूचनेतच आहे. मोठ्या नांग्या हलकेच फोडल्या. बारीक पाय पाट्यावर वाटून गाळून रस घ्यायचा असतो, त्याशिवाय कालवणाला अंग येत नाही. पाटा कुठला? झिपच्या जाड पिशवीत घातले आणि बाबांना स्टीलची पाण्याची बाटली दिली. टेबलावर ते पंधरा मिनिटं कुटत होते. शेजारच्या तंबूतले लोक, ग्वाटेमालाचे, नवरा-बायको आणि चार मुलं, काय चाललंय म्हणून बघायला आले. मग त्यांनी कोळशावर भाजलेली कणसं दिली, लिंबू-मीठ-तिखट चोळून. अगदी जुहूची! आम्ही त्यांना कालवण दिलं. त्यांच्यातल्या थोरल्या मुलीनं तिखटानं डोळे पुसत पुसत दोनदा घेतलं. तिची आजी समुद्राकाठची आहे म्हणाली. भाषा माझी-तिची धड इंग्रजीही नाही, पण नांगी कुठे फोडायची ते दोघींना ठाऊक होतं.

तुझ्या त्या मोठ्या पार्कांत कधी शेजाऱ्याशी बोललास का रे? तिथे सगळे कुठेतरी पोचायच्या घाईत असतात. शटलची वेळ, सूर्योदयाची जागा. इथे कुणालाच कुठे जायचं नसतं. आलेत कोण, तर पर्थ अँबॉयची, न्यू ब्रन्सविकची, ओल्ड ब्रिजची माणसं. शुक्रवारी काम संपवून येतात, रविवारी जातात. मुलं सायकली घेऊन त्या एका गोल रस्त्यावर अंधार पडेपर्यंत फिरत असतात, कुणाच्या आईबापांनी कुणावर लक्ष ठेवलंय ते कळत नाही, सगळेच सगळ्यांवर ठेवतात. तू एडिसनला वाढलास पण असा कधी वाढला नाहीस. आम्ही तुला ह्या क्लासातून त्या क्लासात गाडीतून पोचवत होतो. देवगडची आमची वाडी अशी होती. अमेरिकेत ती स्टेट पार्कात निघेल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांना तिथल्या जुन्या धक्क्याचं वेड लागलंय. एकोणिसाव्या शतकात खाडीत वाफेच्या बोटी यायच्या आणि आसपासच्या शेतांतला माल न्यूयॉर्कला न्यायच्या. त्या जागेला अजून स्टीमबोट लँडिंगच म्हणतात. बघायला तिथे गवत आणि पाणी. बाबा तिथे उभे राहून भाऊच्या धक्क्याच्या गोष्टी सांगतात. कोकणातली आगबोट, खालच्या डेकवर आंब्याच्या पेट्या, विजयदुर्गला पडावातून उतरताना त्यांच्या आत्येचं गाठोडं पाण्यात पडलं ती गोष्ट. मी ती किती वेळा ऐकल्ये. पण ह्या खेपेला गाठोड्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लाडू नव्हते. ते तू त्यांनाच विचार.

तर कोलंबस डेच्या सुट्टीला तुम्ही येताय, त्यातल्या दोन रात्री मी चीझक्वेकला धरल्या आहेत. बाबांनी जागा घेऊनही ठेवली, तेव्हा नाही म्हणू नकोस. जागा शेवटच्या रांगेतली, खाजणाच्या बाजूची. ऑस्प्रे तोवर दक्षिणेला गेलेले असतील, घरटं दिसेल. डास बरेच कमी होतील. सॅसाफ्रासची पानं शेंदरी झालेली असतील, इराला तिन्ही तऱ्हांची शोधायला लावू. पाणी फार गार झालं नाही तर खेकडे मिळतील. दसरा झालेला असेल, दिवाळी लांब, खाण्यापिण्याची काही अडचण नाही.

इराला नवे बूट आणू नकोस, चिखलात जाणार आहेत. लोकरीची टोपी आण, ऑक्टोबरात रात्री गारठतं. सईला सांग, नळ आणि शौचालय जवळ आहे, काळजी करू नकोस. तंबू तुम्हाला तुझा जुना देऊ, आम्ही दोघांनी कॉस्टकोतून नवा घेतलाय, त्यात उभं राहता येतं. बाबांचे गुडघे.

सर्वांना आशीर्वाद. इराला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. पार्कात कचऱ्याचे डबे नाहीत, आपला कचरा आपण घरी न्यायचा. त्या रात्री कवचांची पिशवी बाबांनी टेबलाखाली ठेवली होती. दोन वाजता रकून आले, तीन होते, आणि पिशवी अशा शिस्तीनं उघडून बसले जसं काही त्यांना पान वाढलंय. बाबांनी टॉर्च मारला तर एकानं मान वर करून बघितलं आणि परत खायला लागला. शेवटी उरलेली कवचं गाडीच्या डिकीत टाकली. हे दोन आठवड्यांपूर्वीचं. डिकी दोनदा धुतली, बेकिंग सोडा पसरून ठेवला. विमानतळावर बाबा तुम्हाला घ्यायला तीच गाडी घेऊन येणार आहेत, तेव्हा बॅगा मांडीवर घ्यायची तयारी ठेवा.